तासादितबाईंची चांदी

तासादितबाई जिन्यात दिसायच्या आधी त्यांची चांदी ऐकू यायची. कोलोनमधल्या आमच्या चार मजली बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर मी कुकर लावत असले तरी मला कळायचं, बाई पहिल्या मजल्यावर पोचल्या, पिशवी खाली ठेवून दम खातायत, आता निघाल्या. दोन्ही मनगटांत रुंद रुंद बांगड्या, खांद्यांपाशी दोन मोठे चांदीचे काटे, त्यांना जोडणारी साखळी, साखळीला बारीक पदकं. हे सगळं सणासुदीला नव्हे हं, कचरा टाकायला जातानासुद्धा.

त्या अल्जेरियातल्या, काबिली डोंगरातल्या. लग्नानंतर आधी फ्रान्स, मग कोलोन. नवरा मोटारींच्या कारखान्यात, आणि या घरी शिवणाचं मशीन ठेवून लोकांचे कपडे आल्टर करून द्यायच्या. आम्ही राहायला आलो तेव्हा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि नादिया, त्यांची एकुलती एक मुलगी, स्टुटगार्टला इंजिनिअर होती. आमचं बोलणं जर्मनमधून चालायचं. त्यांच्या जर्मनमध्ये निम्मं फ्रेंच, माझ्या जर्मनमध्ये निम्मं इंग्लिश, पण आमचं कधी अडलं नाही. मी इथे सगळं मराठीतच सांगते, कारण माझ्या डोक्यात त्या मराठीतच बोलतात. मला त्या ‘येल्ली’ म्हणायच्या. येल्ली म्हणजे माझी लेक.

ते काटे मुळात खांद्यावर कापड अडकवायला. त्यांच्या डोंगरात बायका न शिवलेलं कापड अंगाभोवती घ्यायच्या आणि खांद्यांवर या काट्यांनी टोचून ठेवायच्या. आता कोलोनच्या थंडीत कापड कुठलं आलंय? पण काटे तर हवेतच. म्हणून त्या ते पिसं भरलेल्या जाडजूड जॅकेटमध्ये टोचायच्या. जॅकेटला भोकं पडून त्यातून पिसं यायची. बाई पुढे चालल्या की मागे दोन-चार पांढरी पिसं तरंगत असायची. मी एकदा म्हटलं, “अहो, चांगल्या जॅकेटची वाट लावलीत.” तर म्हणाल्या, “जॅकेट सेलमध्ये मिळतं.”

दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या समोरच एक जर्मन आजोबा राहायचे. हाउसओर्डनुंग, म्हणजे बिल्डिंगची नियमावली, हा त्यांचा धर्मग्रंथ. दुपारी एक ते तीन शांतता म्हणजे शांतता. त्यांनी बाईंच्या दारावर चिठ्ठी लावली की, दागिन्यांचा आवाज विश्रांतीच्या वेळेत बसत नाही. आता दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं, किंवा माझ्यासारखं चवड्यावर चाललं असतं. बाईंनी रव्याचा केक केला, बशी घेऊन आजोबांची बेल दाबली आणि सांगितलं, “तुम्ही एकटे, मी एकटी. माझा आवाज येतोय तोवर मी जिवंत आहे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी माझी बेल वाजवा.” आजोबांनी केक घेतला, दार लावलं. पण पुढे बाईंना फ्लू झाला आणि जिना दोन दिवस गप्प राहिला, तेव्हा पहिली बेल आजोबांनीच वाजवली. तीही दुपारी दोन वाजता.

माझी त्यांची ओळख झाली ती तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत. उन्हाळा होता, मी स्लिपर घालून गेले होते. बाई मशीनपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, थेट पायांकडे बघितलं. माझी जोडवी.

“ही चांदी आहे?”

“हो.”

“कशाची?”

मला प्रश्नच कळला नाही. चांदी कशाची म्हणजे? त्यांनी हाताने आपल्या अंगावरचे दागिने एकेक करून दाखवले. ही लग्न ठरलं तेव्हाची. ही लग्नाची. ही सासूने दिली, तिला तिच्या सासूने दिली होती. आणि मग पुन्हा माझ्या अंगठ्याशेजारच्या बोटाकडे बोट. मी म्हटलं, “लग्नाची.” त्या म्हणाल्या, “गेनाऊ! बरोबर! दागिना म्हटला की तो कशाचा ते सांगता आलं पाहिजे.” आणि मग, ओळख ना पाळख, हात पुढे करून माझं मंगळसूत्र सरळ केलं. वाट्या मागे मानेकडे गेल्या होत्या, त्या पुढे आणून नीट बसवल्या आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

ही त्यांची सवयच होती. वाकडं काही बघवायचं नाही. माझं मंगळसूत्र, माझ्या मुलाचा, ईशानचा, मफलर, बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरच्या शर्टाची कॉलर. एकदा तर यु-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, समोर बसलेल्या अनोळखी बाईचा ब्रोच सरळ करायला निघाल्या होत्या, मी कोपर धरून बसवलं. स्वतःच्या अंगावरची साखळी तर दर जिन्याच्या वळणावर सारखी करायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या चांदी कधी काढायच्या नाहीत. माझं सोनं पुण्याला बँकेच्या लॉकरमध्ये आहे हे ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं, जणू मी माझ्या आईला तिथे ठेवून आले होते. “सोनं बंद राहू शकतं, त्याला घमेंड असते,” त्या म्हणाल्या. “चांदीला अंग लागतं. पेटीत ठेवलीस की ती काळी पडते, तिला वाटतं बाई मेली.” मी शास्त्र सांगायला गेले की ते हवेतल्या गंधकाने होतं. त्या म्हणाल्या, “तेच. शोक करते.” आता बोला.

पण सगळ्या दागिन्यांत लक्ष जायचं ते एकाच गोष्टीकडे. डाव्या छातीवर, लहान पुरीएवढं एक गोल पदक. चांदीवर निळा, हिरवा, पिवळा मिना आणि मध्ये लालबुंद पोवळी. त्याला ते लोक ताब्झिम्त म्हणतात. एका गणपतीला मला मंडळात पैठणी नेसून जायचं होतं. पैठणी मोरपिशी, आणि ते पदक तिला असं काही शोभलं असतं! मी लाडात येऊन मागितलं. बाईंनी विचार केला आणि विचारलं, “कुठे लावणार?”

“कुठे म्हणजे? तुम्ही लावता तिथेच.”

“तुला मुलगा आहे. तुला कपाळावर लावावं लागेल.”

तेव्हा मला त्यांची रीत कळली. बाई पहिल्यांदा बाळंत झाली की सासरकडून हे पदक मिळतं. मुलगा झाला तर ते कपाळावर बांधलेल्या रुमालावर लावायचं, घर पुढे चालवणारा आला म्हणून. मुलगी झाली तर छातीवर. म्हणजे लग्नसमारंभात बाई नुसती दारातून आत आली की सगळ्यांना कळतं. नादिया झाली तेव्हा सासूने पदक आणलं आणि काही न बोलता छातीवर टोचलं. पुढे मूल झालं नाही.

“मग मी एक दिवस छातीवर लावलं तर काय होतं?” मी म्हटलं. “मंडळात कुणाला कळणारे?”

“चांदीला कळेल. चांदी खोटं बोलत नाही, येल्ली. तिला तसं बोलायला लावू नये.”

एवढी पुरी कपाळावर लावून मी मंडळात जाणं शक्यच नव्हतं. मी आपला मोत्याचा तन्मणी घालून गेले. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवलं नाही. ज्यांना मुलीच झाल्या, त्या सगळ्या बायका असं रोज छातीवर लावतात? “छे,” बाई म्हणाल्या, “त्या पेटीत ठेवतात. लाज वाटते त्यांना. मला नाही वाटली. मी रोज लावते. मला नादिया झाली, हे मी रोज सगळ्यांना सांगते.”

एका दिवाळीला माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांना मळकट चांदी बघवत नाही. बाई फराळाला आल्या आणि सासूबाईंची नजर चिवड्यावरून जी उठली ती त्यांच्या मनगटांवर जाऊन बसली.

“अगं, काय ही अवस्था! काढायला सांग त्यांना. मी घासून देते.”

“अहो आई, त्या काढत नाहीत.”

“मग हातातच घासते. त्यात काय!”

आणि खरंच, दारातल्या रांगोळीचा डबा, ओलं फडकं, आणि माझ्या स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या समोरासमोर. एकीला मराठी सोडून काही येत नाही, दुसरीला मराठी सोडून सगळं. सासूबाई रगडतायत, बाई हात पुढे करून राणीसारख्या बसल्यात आणि दुसऱ्या हाताने करंजी खातायत. बांगड्या झाल्या, काटे झाले. सासूबाईंनी पदकाकडे मोर्चा वळवला तशी बाईंनी त्यावर तळवा ठेवला.

“का गं? काय आहे ते?” सासूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. कपाळ, छाती, सगळं. सासूबाईंनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “आपल्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. सांग त्यांना.”

मी सांगितलं. बाईंनी विचारलं, “जास्त चांगलं काय लागतं?”

“बर्फीच,” सासूबाई म्हणाल्या. “पण आमची शैला झाली तेव्हा कुणी बर्फीसुद्धा वाटली नाही. आणि मी पण म्हटलं नाही, की वाटा.”

शैलाताई म्हणजे माझी मोठी नणंद. इतकी वर्षं या घरात आहे, पण हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्याचं जर्मन केलं. बाईंनी पदकावरचा तळवा उचलला आणि सासूबाईंचा रांगोळीने पांढरा झालेला हात धरून त्यावर ठेवला. मग सासूबाईंनी ते पदक घासलं नाही, नुसतं ओल्या बोटाने मिन्यावरून पुसलं, अगदी हळू. नंतर ईशानला हाक मारून म्हणाल्या, “फ्रीजमधली बर्फी आण रे.” तो जर्मनमध्येच म्हणाला, “याऽ, ओमा,” म्हणजे “हो, आजी,” आणि आणली.

आता एवढं सगळं गोड चाललं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. नादिया महिन्या-दोन महिन्यांनी यायची, बॅग न उघडता परत जायची. आई काबिली भाषेत बोलायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आईच्या भिंतीवर नादियाच्या रजिस्टर लग्नाचा एक फोटो होता. नवरा, नवरी, शेजारी आई. आणि नवरीने हातातला पुष्पगुच्छ स्वतःपुढे धरायचा सोडून असा काही आडवा धरला होता की आईची अर्धी छाती झाकली जात होती. मला वाटलं, फोटोग्राफर नवशिका. एकदा जिन्यात नादियाची बॅग धरायला मदत केली तेव्हा तिनेच सांगितलं. बारा वर्षांची असताना एका लग्नात कुणा बाईने आईच्या छातीकडे बघून तिला विचारलं होतं, “तू एकटीच? भाऊ नाही?” त्या दिवशी तिला पदकाचा अर्थ कळला. घरी येऊन ती आईला म्हणाली, “एकदा कपाळावर लाव. माझ्यासाठी.” आई म्हणाली, “ते खोटं होईल.”

“मग लग्नाच्या वेळी मी सांगितलं,” नादिया म्हणाली, “कपाळावर लावून ये, नाहीतर घरी ठेवून ये. ती छातीवर लावून आली. ती म्हणते तिला अभिमान आहे. असेल. पण मी तिच्यासाठी कायम छातीवरचीच. कपाळावरची कधीच नाही.”

मी बाईंना एकदा सुचवून बघितलं. “अहो, लावा की एक दिवस, पोरीच्या समाधानासाठी.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. दोघींचंही चुकत होतं असं मला वाटायचं, आणि कोणाचं काय चुकतंय ते मात्र सांगता यायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात बाईंच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. सुईत दोरा ओवता येईना, मग एक दिवस चहाचा कप सुटला. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. हो ना करता करता टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळाली. नादिया स्टुटगार्टहून सकाळच्या गाडीने येणार होती, पण गाडी नेहमीप्रमाणे मध्येच कुठेतरी उभी राहिली, म्हणून बाईंबरोबर मी गेले.

तिथल्या मुलीने सांगितलं, अंगावरचं धातूचं सगळं काढा आणि लॉकरमध्ये ठेवा.

“लॉकर?” बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी म्हटलं, “अहो, वीस मिनिटांचा प्रश्न आहे.”

“येल्ली, तू जॅकेट काढ.”

कपडे बदलायच्या त्या चिंचोळ्या खोलीत त्यांनी एकेक दागिना काढला आणि माझ्या अंगावर घातला. बांगड्या माझ्या ऑफिसच्या शर्टाच्या बाह्यांवरून. काटे माझ्या स्वेटरमध्ये. अंगठी निघेना, साबण लावून काढली. मला वजन कळत होतं, पण त्याहून बाईंचे हात बघवत नव्हते. बांगड्या निघालेली ती मनगटं पोरीच्या मनगटांसारखी बारीक आणि पांढरट होती. शेवटी पदक राहिलं. मी छाती पुढे केली. त्यांनी मानेचा रुमाल सोडला, माझ्या कपाळाभोवती घट्ट बांधला, आणि डाव्या हाताने ते पदक बरोबर मध्यभागी टोचलं. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. जरा डावीकडे सरकवलं.

“अहो, बाहेर लोक बसलेत!” मी म्हटलं.

“तुला मुलगा आहे,” त्या म्हणाल्या आणि कागदी गाऊन सावरत आत गेल्या.

तर मी रेडिओलॉजीच्या वेटिंग रूममध्ये, कपाळावर पुरीएवढं पदक लावून, बैलपोळ्याच्या बैलासारखी नटून बसले. समोरचे काका मासिकावरून माझ्याकडे बघायचे आणि परत मासिकात जायचे. तेवढ्यात दार ढकलून धापा टाकत नादिया आली. तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि ती तिथेच उभी राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी जागा या पोरीने जन्मभर मागितली, तिथे मी, शेजारीण, बसले होते. “मी काढते,” मी म्हटलं, “तुमच्या आईनेच—”

“माहितीये,” ती म्हणाली. हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. माझ्याशेजारी बसली, नाक पुसलं, मग हात वर करून रुमालावरचं पदक सोडवलं आणि स्वतःच्या स्वेटरवर, डाव्या बाजूला, लावलं. काटा आत घालताना तिचा दुसरा हात पोटावर होता. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

“मुलगी?” मी विचारलं.

“मुलगी. आईला अजून सांगितलं नाही. फोनवर सांगवेना. ती हेच काढून देणार, मला माहितीये. म्हटलं, मग मीच लावते.”

आतलं दार उघडलं. बाई बाहेर आल्या. अंगावर चांदीचा कण नाही, पायांत तिथले कागदी बूट. मी त्यांना पहिल्यांदा आवाजाशिवाय चालताना बघितलं. त्यांनी नादियाला बघितलं, पदक बघितलं, आणि वाचलं. वाचलंच, दुसरा शब्द नाही. पुढे आल्या, आणि नादियाच्या छातीवरून ते काढून घेतलं.

“जन्माआधी लावत नाहीत,” त्या म्हणाल्या.

मला तर अस्सा राग आला! म्हातारे, आज तरी! नादियाचा चेहरा पडला. तिने डोळे मिटून घेतले, जणू हेच होणार हे तिला ठाऊक होतं.

पण बाई हलल्या नाहीत. पदक हातात घेऊन उभ्या होत्या. मग माझ्या कपाळावरचा रुमाल सोडला आणि स्वतःच्या कपाळाला बांधायला लागल्या. उजवा हात साथ देईना, गाठ बसेना. मी बांधून दिली. त्यांनी पदक नादियापुढे धरलं.

“लाव.”

“कुठे?” नादियाने विचारलं. जर्मनमध्ये नाही, काबिलीमध्ये. एवढा एक शब्द मला त्या भाषेतला सांगावा लागला नाही, कारण बाईंनी बोट कपाळावर ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या, आणि हे मला कळावं म्हणून जर्मनमध्ये म्हणाल्या, “कपाळावर कधी लावतात? घर पुढे चाललं की. तू झालीस तेव्हा मला काय माहीत, घर पुढे चालणार की नाही. सासूला काय माहीत. आता माहीत झालं. तू नेलंस. आज ते खोटं नाही.”

“आई, इतकी वर्षं!”

“इतकी वर्षं मला खात्री नव्हती,” बाई ठणकावून म्हणाल्या. “अंदाजाने चांदी लावत नाहीत.”

नादिया ओरडायला लागली की हसायला ते मला कळेना, तिलाही कळत नसावं. समोरच्या काकांनी मासिक खाली ठेवलं होतं. तिने ते पदक आईच्या कपाळावर लावलं. काटा दोनदा रुमालात अडकला.

रिपोर्ट डॉक्टरांकडे पाठवू, असं त्या मुलीने सांगितलं, आणि मला ऑफिस होतं. मी बांगड्या, काटे, अंगठी सगळं नादियाच्या अंगावर चढवलं आणि आम्ही तिघी यु-बानपर्यंत बरोबर आलो. रिपोर्ट चांगला आला नाही. नादिया त्याच आठवड्यात आईला स्टुटगार्टला घेऊन गेली, आणि आम्ही नेमके तेव्हा पुण्याला गेलो होतो, भेट झाली नाही. बाईंनी नात बघितली, मांडीवर घेतली, आणि उन्हाळ्यात गेल्या. खालचे जर्मन आजोबा अजून मला जिन्यात थांबवून विचारतात, फार शांत झालंय ना?

पण मला त्या दिसतात त्या दिवशीच्या. मी यु-बानच्या या बाजूला उभी, त्या दोघी पलीकडच्या फलाटावर. नादियाने आईचं कोपर धरलं होतं. बाई रिकाम्या मनगटांनी उभ्या होत्या, कपाळावर ते पदक घेऊन, आणि येणारे-जाणारे वळून वळून बघत होते. नादियाने ते वाकडं लावलं होतं. चांगलं बोटभर उजवीकडे, आणि वर तिरकं. मी इकडून खुणेने दाखवलं, सरळ करा म्हणून. बाईंनी हात वर नेला, पदकाला बोट लावलं, कुठे कसं बसलंय ते चाचपून बघितलं, आणि तसाच हात खाली आणून नादियाच्या हातात दिला.